उसाच्या आडोशाची केळी



डिसेंबर लागला, पुसदच्या खोऱ्यात पहाटेची धुई उतरू लागली, की शेतकी खात्यात दोन तऱ्हेचे सभासद भेटतात. एक हसतमुख. थंडी पडली, उसात साखर भरायला लागली, आता उतारा वाढणार म्हणून त्यांची कळी खुललेली. दुसरे कपाळाला आठ्या घालून येतात. त्यांनी उसाच्या शेजारी एकर-दीड एकर केळी लावलेली असते, आणि ज्या थंडीने ऊस गोड होतो त्याच थंडीने केळी आंबटतोंडी होऊन उभी राहते. गंमत अशी, की पुष्कळदा हे दोघे वेगळे नसतात. सकाळी उसासाठी खूश असलेले गृहस्थ दुपारी केळीसाठी आमच्या टेबलापाशी येतात. सातबारा एक, विहीर एक, थंडीही एकच.

या दुसऱ्या भेटीत जे मागणे असते त्याविषयी आम्हाला आज लिहायचे आहे. मागणे ठरलेले. “साहेब, आमच्या उत्तरेच्या वावरातली तोडणी महिनाभर पुढं ढकला. केळी निसवून राह्यली. ऊस तुटला का थंडा वारा सरळ आत येते.”

मागणारा खोटे बोलत नाही. आम्ही स्वतः पाहिले आहे. उत्तरेला नऊ-दहा फूट उसाची भिंत उभी असेपर्यंत केळी हिरवीगार असते, आणि टोळी ऊस तोडून गेल्यावर आठ दिवसांत त्या बाजूच्या चार-पाच ओळींची पाने फाटून पिवळी पडतात. उसासारखा आडोसा दुसरा मिळायचा नाही, हेही आम्हाला मान्य आहे. तरीही आमचे म्हणणे आहे, की या कारणासाठी तोडणीचा कार्यक्रम बदलू नये, कोणी तशी चिठ्ठी आणू नये आणि खात्याने ती घेऊ नये. हे वाचून काही मंडळी रागावतील. रागवावे, पण पुढचे वाचून मग रागवावे.

तोडणीचा क्रम लागणीच्या तारखेवर आणि उसाच्या पक्वतेवर लागतो. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा असा तो चालतो. ही रांग सगळ्या सभासदांची आहे. एकाचा ऊस केळीसाठी थांबवला तर टोळी त्या शिवारातून पुढच्या शिवारात जाते, आणि एकदा कोप्या उठल्या की चार एकरांसाठी ती टोळी परत आणणे किती जिकिरीचे असते ते मुकादमाला विचारा. मागे राहिलेला ऊस मग फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात तुटतो. वजन घटते, तुरा आलेला असेल तर ऊस पोकळ पडतो, खोडव्याला उशीर होतो. हे नुकसान केळीवाल्याचे स्वतःचेच झाले असते तर आम्ही गप्प बसलो असतो. पण एकाला सवलत दिली की दुसरा गव्हासाठी मागतो, तिसरा लग्नासाठी, आणि ज्याची ओळख नाही त्या गरीब सभासदाचा ऊस शेवटाला जातो. सहकारात रांगेला मान राहिला नाही तर मग राहते काय?

आणखी एक गोष्ट आहे. केळी लावताना उत्तरेचा ऊस कधी तुटणार हे त्या सभासदाला ठाऊक असते. लागणीची नोंद त्यानेच दिलेली असते. जो आडोसा डिसेंबर-जानेवारीत कापला जाणार हे आधीच ठरलेले आहे, त्याच्या भरवशावर डिसेंबर-जानेवारीत निसवणारी केळी लावायची, याला काय म्हणावे? ऊस हे पीक आहे, कुंपण नव्हे. कुंपण ज्याचे त्याने करावे.

आम्ही उसाचे माणूस, मग केळीबद्दल एवढे का लिहितो, असेही कोणी म्हणेल. आमच्या मते सभासदाच्या वावरात उसाबरोबर एखादे रोकड पीक असावे. उसाचा पैसा हप्त्याहप्त्याने येतो, केळीचा घड कापला की व्यापारी वजन करून हिशेब करतो. घरखर्च निघाला तर माणूस उसाला खत वेळेवर घालतो. पैनगंगेच्या पलीकडे अर्धापूर भागात इसापूर धरणाच्या पाण्यावर केळी आणि ऊस शेजारी शेजारी कितीतरी वर्षे नांदत आहेत. आपल्या भागात पाणी आहे, काळी जमीन आहे, मार्केट हाताशी आहे. केळीला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो केळी उसाच्या पदराआड लपवून वाढवण्याला.

आता थंडी केळीचे नेमके काय करते ते पाहू, कारण रोग समजल्याशिवाय औषध लागू पडत नाही.

केळी मूळची आग्नेय आशियातल्या उष्ण, दमट रानांतली. तिला पंचवीस ते तीस अंशांची ऊब मानवते. पारा सोळाच्या खाली राहू लागला की नवे पान सुटणे मंदावते, दहा-बाराच्या खाली वाढ जवळजवळ थांबते, आणि शून्याला टेकला तर पाने उकडल्यासारखी काळी पडतात. पावसाळ्याच्या अखेरीस ज्या झाडाला सात-आठ दिवसांनी नवे पान येते, त्याच झाडाला थंडीत पंधरा-वीस दिवस लागतात. पाने जवळजवळ येऊन गर्दी करतात, आणि निसवण्याच्या वेळी घड त्या गर्दीत, झाडाच्या गळ्यातच अडकतो. कधी अर्धा बाहेर येतो, कधी बुंधा फोडून बाजूने निघतो. बाहेर आलेल्या घडावर थंडी बसली तर सालीखालच्या शिरांतला चीक गोठतो, तपकिरी रेघा पडतात, आणि असे फळ पिकवले तरी त्याला पिवळा तजेला येत नाही, मळकट राहते. व्यापारी ते पाहताच भाव पाडतो. शीतगृहवाले केळी तेरा-चौदा अंशांच्या खाली ठेवत नाहीत ते याच कारणाने. त्यांच्या खोलीत जे चालत नाही ते आपल्या उघड्या वावरात रात्रीमागून रात्र होत असते. घड तयार व्हायलाही महिना-दीड महिना जास्त लागतो, म्हणजे तेवढे पाणी आणि तेवढी राखण वाढली.

बसराई, श्रीमंती, अर्धापुरी, ग्रँड नैन ही सगळी एकाच कॅव्हेंडिश कुळातली भावंडे, सारखीच नाजूक. टिश्यूकल्चरचे रोप घेतले म्हणजे थंडी लागत नाही असा एक समज पसरला आहे, तो सोडून द्यावा. रोप निरोगी असते, सारख्या वाढीचे असते, एवढाच त्याचा गुण. परसातल्या भाजीच्या केळीला थोडी अधिक थंडी सोसते, कारण तिच्यात दुसऱ्या, काटक रानकेळीचे रक्त आहे. पण तिची बाग लावून व्यापारी दारात येत नाही.

जगात बर्फ सोसणारी केळही आहे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. चीनमधली एक जात जपानात शेकडो वर्षांपासून बागेत लावतात. सतराव्या शतकात तिथल्या एका कवीच्या झोपडीपाशी शिष्यांनी ही केळ लावली, आणि पुढे तिच्यावरूनच त्याला बाशो हे नाव पडले. आज इंग्लंडसारख्या थंड मुलखातही हौशी लोक ही केळ अंगणात वाढवतात. आपल्याच देशातली सिक्कीमची रानकेळही तिकडे गेली आहे. हिवाळा आला की पाने छाटायची, बुंध्याभोवती जाळीचा पिंजरा करून त्यात पेंढा ठासून भरायचा, वरून पाणी शिरू नये म्हणून झाकण घालायचे आणि मुळाशी गुडघाभर पाला-गवत टाकायचे. वरचे खोड गेले तरी जमिनीतला कंद जगतो आणि वसंतात नवा कोंब वर येतो. फळ मात्र खाण्याजोगे नसते. त्यांना पानांची शोभा हवी असते, ती मिळते.

ही हकीकत आम्ही करमणुकीसाठी सांगितली नाही. त्यात आपल्या कामाचे एक मर्म आहे. केळीचा आपण बुंधा म्हणतो तो खरा बुंधा नसतो, ती पानांच्या देठांची गुंडाळी असते. वाढीचा कोंब निसवणीच्या आधी कित्येक महिने जमिनीलगत, कंदाच्या माथ्यावर बसलेला असतो. कळी धरली की तो या गुंडाळीच्या आतून वर चढू लागतो आणि शेवटी सहा-सात फुटांवर घड होऊन बाहेर पडतो. म्हणून इंग्लंडातल्या माणसाला नुसता कंद झाकून भागते. त्याला झाड जगवायचे आहे. आपल्याकडे थंडीने झाड सहसा मरत नाही. आपल्याला घड वाचवायचा आहे, आणि घड वर हवेत असतो. तेव्हा आपल्या केळीचा कोंब या महिन्यात कुठे आहे, खाली की वर, हे पाहूनच उपाय ठरवावा. एकाच शिवारात दोन बागांना दोन वेगळे सल्ले दिले म्हणून लोक आमच्यावर हसतात. त्याचे कारण हे आहे.

यावरूनच लागणीची वेळ येते, आणि आमच्या मते निम्मी थंडी तिथेच टळते किंवा ओढवते. मृगबाग जून-जुलैत लागली तर डिसेंबर-जानेवारीत झाड पोसलेले असते, अंगावर पाने असतात, आणि निसवण थंडी ओसरताना येते. कळी ऐन थंडीत धरली तर फण्या थोड्या कमी पडतात, पण घड अडकत नाही. कांदेबाग ऑक्टोबरात लागते, थंडी तिला बाळपणी गाठते. वाढ खुंटते, पण कोंब जमिनीलगत असल्याने तिचे रक्षण सोपे. घात होतो तो मधल्याअधल्या लागणीचा. एप्रिलमध्ये रोपे स्वस्त मिळाली, पाणी होते, म्हणून लावून टाकली. सात-आठ महिने मोजा, निसवण नेमकी डिसेंबरात येऊन पडते. रोपाचे दहा-पाच रुपये वाचले आणि घडाच्या भावात त्याच्या कितीतरी पट गेले. केळीची बेगमी बोटांवर महिने मोजून करावी, रोपवाटिकेच्या सोयीने करू नये.

आपल्या पुसदची एक खासियतही ध्यानात घ्यावी. गाव आणि भोवतालची पुष्कळ शिवारे डोंगरांच्या कुशीत, पूस नदीच्या खोलगट भागात आहेत. थंडी दोन तऱ्हेने येते. एक वाऱ्याची थंडी. उत्तरेत हिमवर्षाव झाला की तिकडचा कोरडा गार वारा विदर्भात उतरतो. २०१८ च्या डिसेंबरात असेच झाले होते. २९ तारखेला नागपूरला पारा ३.५ अंशांवर आला होता. दुसरी बसकी थंडी. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, जमिनीची ऊब रात्रभर वर उडून जाते, गार हवा जड होते आणि पाण्यासारखी उताराने वाहत जाऊन खोलगट जागी साचते. डोंगराच्या पायथ्याचे वावर आणि नदीकाठचे वावर यांत एकाच रात्री दोन-तीन अंशांचा फरक पडू शकतो. जुने लोक नदीकाठच्या खोल वावराला ‘हिवाळं वावर’ म्हणत, ते उगीच नाही. अशा वावरात केळी लावूच नये असे आमचे स्पष्ट मत आहे. तिथे ऊस लावा, तो आनंदाने राहील.

वाऱ्याच्या थंडीला एकच खरा उपाय, तो म्हणजे आडोसा. आणि आडोसा पेरावा लागतो. जळगावकडचे केळीवाले बागेच्या कडेने शेवरी लावतात, कोणी गजराज गवताच्या दोन ओळी घेतात. शेवरी जूनमध्ये पेरली की डिसेंबरपर्यंत डोक्याच्या वर जाते. १ जुलैला, वसंतराव नाईकांच्या जयंतीला, कृषिदिन म्हणून आपल्याकडे झाडे लावायचा प्रघात आहे. त्या दिवशी शाळेच्या आवारात एक रोप लावून फोटो काढला तरी हरकत नाही, पण घरी येऊन आपल्या केळीच्या उत्तरेला आणि ईशान्येला शेवरीची एक ओळ टाकावी. उंचीच्या आठ-दहा पट अंतरापर्यंत तिच्या मागे वारा मंदावतो, म्हणजे दहा फुटी शेवरी ऐंशी-शंभर फुटांपर्यंत काम देते. ओळ फार दाटही नको. भिंतीसारखी घट्ट झाली तर वारा वरून उडी मारून पलीकडे भोवरा करतो. थोडा गाळून जाऊ द्यावा. मध्ये खिंडार मात्र ठेवू नये, तिथून वारा दुप्पट जोराने घुसतो. केळीच्या ओळीपासून पाच-सहा फूट अंतर सोडावे, नाहीतर शेवरीच केळीचे खत खाईल. आणि शेळ्यांपासून राखण करावी. शेवरीवर शेळ्यांचे जेवढे प्रेम आहे तेवढे आपले असते तर हा लेख लिहावा लागला नसता.

बसक्या थंडीचे एक पथ्य याच्या उलट आहे. बागेच्या उताराकडच्या टोकाला कुंपण दाट करू नये. गार हवा वाहून जायला तिथे वाट लागते. चारी बाजूंनी घट्ट कोंडलेली बाग म्हणजे गार हवेचे तळेच.

ज्यांनी शेवरी लावली नाही आणि थंडी दारात आली आहे, त्यांनी तुराट्यांचे ताटवे बांधावेत. तूर आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत निघतेच, मागच्या सालच्या तुराट्याही घरी असतात. पऱ्हाट्यांचे ताटवे करण्याचा मोह होईल, तो आवरावा. पऱ्हाटीत बोंडअळी लपून राहते, आणि २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपल्या जिल्ह्याचे काय केले ते कोणी विसरलेले नाही. ऐपत असेल त्याने हिरवी शेडनेट उभी बांधावी, चार-पाच हिवाळे टिकते.

पाण्याचे म्हणाल तर विहिरीचे पाणी थंडीच्या पहाटे हाताला कोमट लागते, हा सर्वांचा अनुभव आहे. ते कोमट पाणी म्हणजे फुकटची ऊब. शिवाय ओली जमीन दिवसा ऊन जास्त पिते आणि रात्री ते हळूहळू सोडते, कोरडी भुसभुशीत जमीन पिऊही शकत नाही. म्हणून कडाक्याच्या रात्री पहाटेच्या आधी बागेला हलके पाणी द्यावे, ठिबक असेल तर थोडा वेळ चालवावी. हलके म्हणजे हलके. आपल्या काळ्या जमिनीत केळीच्या पायाशी पाणी साचले की मुळे गुदमरतात, आणि मग पिवळेपणा थंडीचा की पाण्याचा हे ओळखणेही कठीण. शेतीची वीज रात्रपाळीला आली की आपण सगळे शिव्या देतो. रात्री साप-विंचवात पाणी धरणे ही मोठीच आपदा आहे, तिचे समर्थन कोणी करू नये. पण थंडीच्या पंधरवड्यात रात्रीची पाळी असेल तर ती आधी केळीला द्यावी, उसाला दुसऱ्या दिवशी दिले तरी चालते. हे उसाच्या अधिकाऱ्याने लिहिले आहे, याची नोंद घ्यावी.

पाचटाबद्दल आम्ही सतत बोलतो, इथेही बोलणार. ऊस तुटल्यावर एकरी तीन-चार टन पाचट वावरात पडते आणि त्याला काडी लावणारे अजून आहेत. खोडव्यात सरीआड पाचट ठेवून उरेल ते केळीला द्यावे. मात्र कोणत्या केळीला, ते पाहून द्यावे. कांदेबागेच्या लहान झाडांभोवती वीतभर थर द्या, कोंब आणि मुळे उबदार राहतात. निसवलेल्या उंच बागेत ऐन थंडीत कोरड्या पाचटाचा जाड थर पसरू नका. पाचट ही गोधडी आहे, जमिनीची ऊब ती खालीच धरून ठेवते. मुळांना बरे, पण वर लटकलेल्या घडाला त्या रात्री जमिनीची ऊब हवी असते. अशा बागेत ओळींमधली जमीन मोकळी आणि ओली ठेवावी, पाचट फेब्रुवारीत टाकावे, तेव्हा उन्हाळ्याचे पाणी वाचवायला ते कामी येते.

पहाटे बागेत धूर करण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. धुराचे महत्त्व आमच्या मते लोक वाढवून सांगतात. नुसत्या धुराच्या पडद्याने जमिनीची ऊब फारशी अडत नाही, काम करते ती आगीची धग. बसक्या थंडीच्या रात्री गार हवा खाली आणि तिच्यावर जराशी उबदार हवा असा थर असतो. लहान लहान पुष्कळ शेकोट्या पेटवल्या तर त्या धगीने हे थर ढवळले जातात आणि एखाद-दोन अंश वाढतात. होळीएवढी एकच आग केली तर धग सरळ आभाळात निघून जाते आणि जवळची चार झाडे मात्र भाजतात. वारा असेल त्या रात्री शेकोटीचा काहीच उपयोग नाही. आणि ज्या बागेत पाचट पसरले आहे, किंवा शेजारी कोणाचा ऊस उभा आहे, तिथे शेकोटीचे नाव काढू नये. आपली केळी शेकताना दुसऱ्याचा ऊस जळाला तर जळिताच्या उसाचे वजन, कपात, भांडण, हे सगळे मग आमच्याच टेबलावर येते.

घडाला पिशवी घालावी. भोके असलेली पातळ पॉलिथीनची किंवा कापडासारखी पांढरी पिशवी मिळते, खालचे तोंड उघडे ठेवून बांधावी. पैसा नसेल तर केळीच्याच वाळलेल्या पानांनी घड गुंडाळावा, जुने लोक तेच करत. हिरवी पाने बैलांना घालण्यासाठी या दिवसांत तोडू नयेत. करप्याची पाने मात्र ठेवू नयेत, ती कापून बागेबाहेर न्यावीत, कारण थंडीत आधीच नवी पाने येत नाहीत आणि आहेत ती करप्याने खाल्ली तर घड पोसायला झाडाजवळ काही उरत नाही. निंबोळी पेंड दिल्याने बुडाशी ऊब येते असे सांगतात. ऊब किती येते ते सोडा, सूत्रकृमीला आळा बसतो आणि मुळे चालू राहतात हे खरे, म्हणून थंडीच्या तोंडावर झाडामागे अर्धा-पाऊण किलो द्यायला हरकत नाही. पालाशचा हप्ता चुकवू नये.

आता नोंदीचा विषय, जो सभासदांना सर्वांत नावडता आहे. ऊस नोंदीत दोन एकर लिहिलेले असते, धुऱ्यावर उभे राहून पाहावे तर एक एकर ऊस आणि एक एकर केळी. कारखान्याचा अंदाज चुकतो तो चुकतोच, पण त्यात सभासदाचेही नुकसान आहे. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत केळीसाठी कमी तापमान हा धोका धरलेला आहे. आपले महसूल मंडळ त्या वर्षी अधिसूचित आहे का, पारा किती अंशांखाली किती दिवस राहिला तर भरपाई बसते, अर्जाची मुदत कधी संपते, हे दर वर्षी तालुका कृषी कार्यालयात जाऊन विचारावे, कारण अटी बदलत असतात. पण सातबाऱ्यावर सगळा ऊसच असेल तर केळीचा विमा कोणत्या तोंडाने मागणार? २०२१ पासून ई-पीक पाहणी आपल्याच मोबाइलवर करता येते. केळी असेल ती केळी म्हणूनच नोंदवावी. ऊस कमी दिसला म्हणून आम्ही काही रागावत नाही, खोटा जास्त दिसला की रागावतो.

विम्याची एक उणीवही सांगून ठेवतो. पारा मोजला जातो तो मंडळातल्या हवामान केंद्रावर. ते केंद्र उंच मोकळ्या जागेत आणि तुमची बाग पुसेच्या काठी खोलगटात असेल, तर तिथे नऊ अंश आणि तुमच्याकडे साडेसहा असे होऊ शकते, आणि कागदावर नऊच राहतात. म्हणून विमा काढावाच, पण त्याच्या भरवशावर शेवरी टाळू नये. किमान-कमाल तापमापक फार महाग नसतो. केळीच्या बागेत छातीच्या उंचीवर, उन्हापासून झाकून तो टांगावा आणि पहाटेचा आकडा वहीत लिहावा. दोन हिवाळ्यांची वही झाली म्हणजे आपल्या वावरात केळी ठेवायची की नाही, आणि ठेवायची तर कोणत्या महिन्यात लावायची, हे आम्हाला विचारायची गरज पडणार नाही. दहा सभासदांनी अशा वह्या ठेवल्या तर हवामान केंद्र कुठे असावे याविषयी बोलायला कागद तरी हातात राहील. तोंडी तक्रार कचेरीत टिकत नाही.

येत्या पंधरवड्यात ज्यांच्या केळीच्या उत्तरेचा ऊस तुटणार आहे त्यांनी तोडणीची तारीख आजच गट ऑफिसातून विचारून घ्यावी, आणि टोळी यायच्या आत ताटवे बांधून तयार ठेवावेत. ऊस तुटल्याच्या दुसऱ्याच रात्री बागेला वारा लागतो. वाढे गुरांसाठी लागतातच, पण त्यातले दोन-चार भारे बाजूला काढले तर ताटव्यांतली भोके बुजवायला उपयोगी पडतात. मुकादमाशी आधी बोलून ठेवावे, नाहीतर संध्याकाळपर्यंत वाढे बाजारात गेलेले असतील. तोडणीची तारीख पुढे ढकलण्याच्या चिठ्ठ्या मात्र आणू नयेत, त्या घेतल्या जाणार नाहीत. शेवरीचे बियाणे कुठे मिळेल हे विचारायला आलात तर चहा आमच्याकडून.